पोर्टल रात्री बारापर्यंत, सही दुपारी चारपर्यंत : संशोधन अनुदानाचा प्रस्ताव तयार करून पुढे पाठवताना

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. प्रस्ताव पूर्ण भरलेला, सगळे पीडीएफ चढलेले, मुदत संपायला अडीच तास बाकी. 'फॉरवर्ड' दाबलं आणि पोर्टलनं ओटीपी मागितला. तो गेला संस्थाप्रमुख म्हणून नोंदवलेल्या मोबाईलवर. नोंद होती मागच्या प्राचार्यांची. ते निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि मुलाकडे अमेरिकेत होते. नशीब आमचं की तिकडे दुपार होती आणि सरांनी इथलं सिम बंद केलं नव्हतं.

प्रस्तावाला दोन प्रवास करावे लागतात हे त्या रात्री डोक्यात पक्कं बसलं. एक दिल्लीतल्या परीक्षकापर्यंतचा. दुसरा आपल्याच इमारतीतला : विभागप्रमुख, लेखा विभाग, एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती), प्राचार्य, कधी संस्थेचे सचिव. पहिल्या प्रवासावर कार्यशाळा होतात, चहा-बिस्किटं मिळतात, प्रमाणपत्रही मिळतं. दुसरा कोणी शिकवत नाही, आणि माझ्या पाहण्यातले बरेच प्रस्ताव गारद झाले ते या दुसऱ्याच वाटेवर. नागपुरातल्या एका महाविद्यालयाचा संशोधन कक्ष सांभाळताना जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडतो आहे. पहिल्यांदा प्रस्ताव करणारा प्राध्यापक डोळ्यांसमोर आहे.

आधी दार कोणतं ते ठरवा

विज्ञान-अभियांत्रिकीसाठी आता मुख्य दार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं, म्हणजे एएनआरएफचं. २०२३च्या कायद्यानं ते आलं, ५ फेब्रुवारी २०२४पासून कायदा लागू झाला आणि आधीचं एसईआरबी (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात विलीन झालं. जैवतंत्रज्ञानाला केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी), आरोग्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), सामाजिक शास्त्रांना भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर). प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, साचे वेगळे, लॉगिनही वेगळं.

योजनेची जाहिरात आली की आधी फक्त दोन गोष्टी शोधा. अर्जदार नियमित पदावर हवा का? प्रकल्प संपेपर्यंत त्याची नोकरी शिल्लक हवी का? कंत्राटी सहकाऱ्यानं दोन महिने खपून प्रस्ताव लिहायचा आणि शेवटी पात्रतेच्या ओळीत अडकायचं, असं डोळ्यांदेखत झालं आहे. अशा वेळी नियमित पदावरच्या सहकाऱ्याला मुख्य संशोधक आणि स्वतःला सहसंशोधक करता येतं का ते त्याच दिवशी विचारून टाकावं.

आणि पेन ड्राइव्हमधला जुना साचा वापरू नका. त्याच्यावर अजून एसईआरबीचं नाव असतं. चालू जाहिरातीसोबतचाच साचा उतरवून घ्या.

उलटी मोजणी

मुदतीची तारीख भिंतीवर लावू नका. तिच्या आधीची आपली तारीख लावा. मी दहा कामाचे दिवस मागे जातो. कामाचे, म्हणजे रविवार आणि सुट्ट्या वगळून. नागपूरचं कॅलेंडर दिल्लीच्या पोर्टलला ठाऊक नसतं. तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या दिवशी, आपल्याकडे स्थानिक सुट्टी असते. शहरातल्या महाल भागात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघालेली असते आणि सहीवाला माणूस तुम्हाला सापडत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की सरकारी खात्यातल्या कोणाचंही पत्र हवं असेल तर ते अधिवेशन संपल्यावरच मिळेल असं धरून चालावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मे विभागप्रमुख गावी जातात.

मुदत वाचताना वेळही वाचा. काही पोर्टलं रात्री ११.५९ला बंद होतात, काही सायंकाळी पाचला. 'आजची शेवटची तारीख' एवढंच लक्षात ठेवून सहा वाजता लॉगिन करणारे दर वर्षी एक-दोन भेटतात.

विज्ञान : काटोलच्या बागेचं उदाहरण

हवेत बोलण्यापेक्षा एक प्रस्ताव समोर धरू. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांमधला डिंक्या. फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळे मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक गळतो, झाड वाळत जातं. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की प्रकोप वाढतो. तीन वर्षांचा प्रकल्प करायचा आहे.

पहिल्या मसुद्यात उद्दिष्टं सात असतात. ती तीनवर आणा. 'शेतकऱ्यांमध्ये जागृती करणे', 'शाश्वत विकासाला चालना देणे' ही उद्दिष्टं नाहीत, ती सदिच्छा आहेत. मोजता येईल असं लिहा : इतक्या बागांतली माती आणि मुळं तपासणे, निचरा असलेल्या आणि नसलेल्या वाफ्यांची तुलना करणे, एका उपचाराची दोन हंगाम चाचणी घेणे. प्रत्येक उद्दिष्टासमोर नमुन्यांची संख्या आली पाहिजे. संख्या आली की खर्च आपोआप निघतो, आणि खर्च निघाला की परीक्षकाचा निम्मा प्रश्न संपतो.

कामाचं वेळापत्रक ही खरी कसोटी. 'पहिले सहा महिने : नमुने गोळा करणे' असं बिनधास्त लिहिलं जातं. पण मंजुरी कोणत्या महिन्यात येईल हे कोणाच्या हातात नाही. समजा ती जुलैत आली. जाहिरात, मुलाखत, संशोधन फेलोची नेमणूक, उपकरणाची खरेदी यात तो पावसाळा गेला. पुढचे दोन मिळाले. आणि प्रकल्प संपतो तो जूनअखेर, चौथा पावसाळा लागतो न लागतो तेव्हा. कागदावर तीन वर्षं, हातात दोनच पावसाळे. म्हणून वेळापत्रक महिन्यांच्या नावांनी न लिहिता हंगामावर बांधा : 'पहिला पूर्ण पावसाळा', 'दुसरा पूर्ण पावसाळा', 'त्यानंतरचा आंबिया बहर'. आंबिया आणि मृग हे संत्र्याच्या फुलोऱ्याचे दोन हंगाम. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची पावसाळ्याच्या सुरुवातीला. दोन्हींच्या नोंदी हव्या असतील तर फेलोला त्या वेळी बागेत राहावं लागेल, हे प्रवासखर्चात दिसलं पाहिजे. संत्र्याचा जाणकार परीक्षक असला तर तो हेच आधी बघतो.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. आपल्या दारातच मोठ्या संस्था आहेत : लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, १९५८पासूनची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी. संत्र्यावर प्रस्ताव करायचा आणि गावातल्याच संस्थेच्या कामाचा उल्लेखही नाही, हे परीक्षकाला खटकतं. जे झालं आहे ते सांगा, मग उरलं काय ते सांगा. शक्य असेल तर तिथल्या एखाद्याला सहसंशोधक करून घ्या, पण त्यांच्या संस्थेचं वेगळं संमतिपत्र लागतं आणि तिथली फाईल त्यांच्या गतीनं चालते. ते पत्र सर्वांत आधी मागायचं.

पैशाचा तक्ता

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्राध्यापक मंडळी इथेच घाई करतात.

संशोधन फेलोचं विद्यावेतन १ जानेवारी २०२३पासून जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) महिना ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. हा भत्ता शहरानुसार बदलतो. नागपूर केंद्राच्या वर्गवारीत 'वाय' शहर आहे. केंद्राचा महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा, जानेवारी २०२४पासून, 'वाय'चा दर १८वरून २० टक्के झाला. म्हणजे जेआरएफ महिना ४४,४००, वर्षाला ५,३२,८००. पहिली दोन वर्षं जेआरएफ आणि तिसरं वर्ष एसआरएफ धरलं तर १०,६५,६०० अधिक ६,०४,८००, एकूण १६,७०,४०० रुपये.

आता पुण्याच्या मित्राचा तक्ता उचलला तर काय होतं बघा. पुणे 'एक्स' शहर, भत्ता ३० टक्के. तीन वर्षांत १,३९,२०० रुपये जास्त लागतात. परीक्षक कदाचित सोडून देईल, पण अनुदान देणाऱ्यांचा वित्त विभाग सोडत नाही. आणि तुमचा तक्ता दुसऱ्याचा आहे हे उघड होतं ते वेगळंच.

उपकरणाचं कोटेशन मागवताना पुरवठादाराला 'जीएसटी धरून' असं स्पष्ट सांगा. पूर्वी संशोधन संस्थांना प्रयोगशाळेच्या उपकरणांवर ५ टक्क्यांची सवलत होती, ती १८ जुलै २०२२पासून गेली. आता बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागतात. सहा लाखांचं यंत्र ७,०८,०००ला पडतं. वरचे १,०८,००० तक्त्यात नसतील तर मंजुरीनंतर ते कोठून आणणार? आणि विभागात ऑटोक्लेव्ह असताना दुसरा मागू नका. मागायचाच असेल तर पहिला का पुरत नाही ते दोन ओळींत लिहा.

प्रवासाची गणितं फेऱ्यांवर मांडा. नागपूर-काटोल साठेक किलोमीटर, महिन्याला किती फेऱ्या, किती माणसं, गाडी कोणती. 'प्रवास : दोन लाख' एवढंच लिहिलं तर तिथे कात्री लागलीच म्हणून समजा. किरकोळ खर्च आणि संस्थेचा ओव्हरहेड (जागा, वीज, व्यवस्थापन यांपोटी संस्थेला मिळणारा वाटा) यांची टक्केवारी जाहिरातीत दिलेली असते, तीच घ्या. आणि एक बारकी पण जीवघेणी गोष्ट : पोर्टलच्या चौकटीतली बेरीज, पीडीएफमधली बेरीज आणि प्राचार्यांच्या पत्रातला आकडा, तिन्ही एकच असायला हवेत. शेवटच्या रात्री कोणीतरी एका ठिकाणी आकडा दुरुस्त करतो आणि उरलेल्या दोन ठिकाणी विसरतो.

फाईल फिरते तेव्हा

फाईल प्राचार्यांकडे घेऊन जाण्याआधी लेखा विभागातल्या बडे बाबूंकडे, म्हणजे मुख्य लिपिकांकडे जा. हे पुष्कळांना उलटं वाटतं. पण प्राचार्य आकडा बघून 'बाबूंना दाखवलं का?' असंच विचारणार. शिवाय बाबू पहिल्याच नजरेत विचारतात : खातं कोणाच्या नावानं? हा प्रश्न लाखमोलाचा आहे. पॅन संस्थेच्या नावानं, बँक खातं महाविद्यालयाच्या नावानं, पीएफएमएसवर (केंद्राचा पैसा ज्यातून येतो त्या ऑनलाइन प्रणालीवर) तिसरंच स्पेलिंग, अशी अवस्था अनुदानित महाविद्यालयांत सर्रास दिसते. नावं जुळली नाहीत तर मंजूर पैसाही येत नाही. हे प्रस्तावाच्या वेळीच निस्तरा.

फाईलच्या वर एक पानाची टिपणी लावा. प्रस्तावाचं शीर्षक, कोणाकडे जातो आहे, एकूण रक्कम, कालावधी, संस्थेवर येणारी जबाबदारी (खोली, वीज, पाणी, संस्थेचा हिस्सा असल्यास तो किती), पोर्टलची मुदत आणि आपली मुदत. जिथे सही हवी तिथे चिकटपट्टीचा रंगीत तुकडा. चाळीस पानं कोणी वाचत नाही, आणि वाचावीत अशी अपेक्षाही करू नये. टिपणी चांगली असली तर फाईल टेबलावर झोपत नाही.

आमच्याकडे क्रम असा ठरला आहे : विभागप्रमुख, लेखा, संशोधन कक्ष, प्राचार्य. एथिक्स कमिटी या रांगेत ठेवू नका, तिचा अर्ज पहिल्या दिवशीच समांतर टाका. कमिटीची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा होत असेल तर तुमच्या मुदतीसाठी ती अलीकडे येणार नाही. आरोग्यविषयक संशोधन असेल तर कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते विचारा. २०१९च्या नियमांनुसार ती नोंदणी लागते. प्राण्यांवर प्रयोग असतील तर त्यांची समिती वेगळी. आपल्या संत्र्याच्या उदाहरणात झाडांसाठी काही लागत नाही, पण बागवानांच्या मुलाखती घेणार असाल तर संमतिपत्रकाचा मराठी मसुदा जोडलेला बरा. काटोलच्या शेतकऱ्याला इंग्रजी संमतिपत्रक देणं म्हणजे संमती घेतलीच नाही.

पेंच किंवा ताडोब्यात काम असेल तर वनविभागाची परवानगी. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्येच आहे, म्हणून ती दोन दिवसांत मिळेल असं मानू नका. अर्ज केल्याची पोच तरी प्रस्तावाला जोडा.

आता संस्थेचं संमतिपत्र, म्हणजे प्रस्तावाला संस्थाप्रमुखाची मान्यता सांगणारं एन्डॉर्समेंट. मजकूर शब्दशः साच्यातलाच ठेवा, एखादं वाक्य 'सुधारू' नका. महाविद्यालयाचं लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. तारीख जाहिरात निघाल्यानंतरची. प्राचार्य रजेवर असतील तर प्रभारींची सही चालते, पण शिक्क्यात 'प्रभारी' हवं आणि प्रभार दिल्याचा आदेश फाईलला हवा. 'प्राचार्य करिता' अशी सही आपल्या रोजच्या पत्रव्यवहारात खपते, इथे मात्र ती टाळा. एकदा आमचं पत्र तेवढ्याचसाठी परत आलं होतं.

सही झाल्यावर त्याच मिनिटाला स्कॅन करा. मूळ कागद टेबलावरून कुठे जातो हे सांगता येत नाही.

पोर्टलवर

लॉगिन जाहिरात निघाली त्याच आठवड्यात करा. ईमेल स्वतःचा, कायमचा द्या. विद्यार्थ्याचा किंवा फेलोचा देऊ नका. तो नोकरीला लागून जातो आणि परीक्षकांच्या शंका त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. यादीत महाविद्यालयाचं नाव नसेल तर ते घालून घ्यायला वेळ लागतो, म्हणून तेही पहिल्याच दिवशी तपासा.

मजकूर थेट चौकटीत टंकू नका. दुसऱ्या फाईलमध्ये लिहा आणि साधा मजकूर म्हणून चिकटवा. अंश सेल्सिअस, मायक्रो, अधिक-उणे ही चिन्हं वर्डमधून आणली की कधीकधी प्रश्नचिन्ह होऊन बसतात. '२५ प्रश्नचिन्ह सेल्सिअस' असा प्रस्ताव मी स्वतः पाठवला आहे. शब्दमर्यादा आहे की अक्षरमर्यादा, हे पाहा. अक्षरं मोजताना मोकळ्या जागाही मोजल्या जातात. पान उघडं ठेवून जेवायला गेलात तर लॉगिन सुटतं आणि न साठवलेलं जातं.

पीडीएफची मर्यादा काही एमबींचीच असते. सह्यांचे कागद करड्या रंगात, मध्यम दर्जात स्कॅन केले की बसतात. मोबाईलनं काढलेला, अंगठ्याची सावली पडलेला फोटो पाठवू नका. फाईलच्या नावात मराठी अक्षरं, मोकळी जागा किंवा 'फायनल-फायनल-२' नको.

भरून झालं की पूर्ण प्रस्तावाची छापील प्रत काढा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदांशी ताडायचं. आम्ही हे तर्री-पोहे खात करतो, त्यात दोन तास जातात, आणि आजवर एकदाही चूक सापडली नाही असं झालेलं नाही. सगळ्यांत जास्त सापडतात ते सहसंशोधकाच्या नावाचं स्पेलिंग आणि जुळत नसलेल्या बेरजा.

मग 'सबमिट'. इथे नीट लक्ष द्या, कारण सबमिटचे प्रकार दोन. काही पोर्टलांवर तुम्ही दाबलं की गेलं. काहींवर ते आधी संस्थाप्रमुखाच्या लॉगिनमध्ये जातं आणि तिथून कोणी पुढे पाठवेपर्यंत ते तिथेच पडून असतं. तुमच्या पडद्यावर 'सबमिटेड' दिसतं आणि तुम्ही निश्चिंत झोपता. म्हणून स्थिती काय दाखवते, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. क्रमांक मिळाला, पोच ईमेलवर आली, तरच गेलं. पोचेची पीडीएफ उतरवून ठेवा.

हे सगळं मुदतीच्या तीन दिवस आधी संपलं पाहिजे. शेवटच्या दिवशी देशभरातून लोक एकाच वेळी चढवत असतात आणि पान उघडता उघडत नाही. मेमध्ये पारा पंचेचाळीसवर आणि वीज गेलेली असेल तर मग बोलायलाच नको.

पाठवल्यानंतर

छापील प्रत पाठवायची असेल तर जाहिरातीत दिलेल्या दिवसांत स्पीड पोस्टनं पाठवा, पावती फाईलला. सादरीकरणाचं बोलावणं आलं तर वेळापत्रक आणि तक्ता दोन्ही तोंडपाठ हवेत. 'फेलो दोन कशाला?' हा प्रश्न येतोच. नकार आला तर टिप्पण्या उतरवून घ्या. डिंक्याचाच प्रस्ताव पुढच्या वर्षी दुसऱ्या योजनेत टाकताना त्या टिप्पण्या हाताशी लागतात.

मंजुरी आली तर पहिल्याच आठवड्यात बाबूंना मंजुरीपत्राची प्रत द्या आणि जीएफआर १२-ए हा उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना दाखवून ठेवा. २०१७च्या वित्तीय नियमांतला हा नमुना वर्षअखेरी भरावा लागतो, आणि बाबनिहाय खर्चाची वही पहिल्या दिवसापासून नसेल तर मार्चमध्ये सगळेच एकमेकांकडे बघत बसतात.

संशोधन कक्षात आम्ही एक रजिस्टर ठेवलं आहे. कोणतं पोर्टल, लॉगिन कोणाच्या नावानं, संस्थाप्रमुख म्हणून कोणाची नोंद, कोणता मोबाईल, नोंद शेवटची कधी तपासली. पासवर्ड त्यात लिहीत नाही. प्राचार्य बदलले की पदभार स्वीकारल्याच्या पत्रासोबत हे रजिस्टरही त्यांच्यासमोर जातं.

त्या अमेरिकेच्या ओटीपीनंतर सोमवारीच आम्ही नंबर बदलण्याचा अर्ज केला होता. बदलायला अकरा दिवस लागले. मधल्या काळात आलेले दोन ओटीपी सरांनीच कळवले, आणि दुसऱ्या वेळी सोबत विचारलं : संत्र्याचा बहर यंदा कसा आहे?